मिस्त्रींचं ठरलेलं उत्तर

जळालेली मोटर उघडली, की मिस्त्री आधी आतली काळी पडलेली तार हुंगायचे. मग मनगटानं कपाळ पुसून म्हणायचे, "डोक्याला शॉट!"

कळंब्याच्या रस्त्याला, आमच्या शेजारी त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आणि मागं घर. वैताग आला की हे दोन शब्द सगळं कोल्हापूर वापरतं, तुम्हीही वापरत असाल. मिस्त्री मात्र ते स्वतःच्या मालकीचे असल्यासारखे वापरायचे.

मला कशाचाही हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही. एकदा विचारलं, "हे आलं कुठनं, मिस्त्री?"

"आमच्या धंद्यातनंच की! वायरला हात लागला की शॉट बसतोय. हात झटकला की सुटला. गिऱ्हाइकाचा शॉट डोक्याला बसतोय, त्यो झटकता येत न्हाय."

माझा भाचा म्हणतो, हे कॉलेजच्या कट्ट्यावरचं बोलणं. खरं काय, मी खात्रीनं सांगू शकत नाही.

त्यांच्या बायकोचा, म्हणजे वैनींचा, मिक्सर मात्र कायम अडलेला. त्या आतून ओरडायच्या, "जगाच्या मोटारी फिरत्यात, माझा मिक्सर तेवढा बसलाय!" दुकानातून ठरलेलं उत्तर जायचं, "डोक्याला शॉट!"

मग मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला. हात थोडा सुधारला, वाचा गेली ती गेलीच. वैनी खाटेशी बसून शिकवायच्या, "पाणी म्हणा. पा-णी." ते ओठ हलवायचे, आवाज फुटायचा नाही. मग भिंतीकडं तोंड करून पडायचे.

"परत बोलतील का ओ, भावजी?" वैनी मला विचारायच्या. ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

एका सकाळी मी तिथं चहा घेत होतो. वैनींनी चटणी वाटायला घेतली आणि मिक्सर अडला. त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जगाच्या मोटारी फिरत्यात, माझा मिक्सर तेवढा..."

"डोक्याला शॉट!" खाटेवरून आवाज आला. जड, पण स्पष्ट.

वैनी भांडं हातात धरून रडायलाच लागल्या. "परत म्हणा की!"

ते परत म्हणाले.

पुढं त्यांना तेवढंच बोलता आलं. पाणी हवं असलं तरी डोक्याला शॉट, चहा आवडला तरी डोक्याला शॉट. वैनी सुरावरून ओळखायच्या. "माझं नावबी त्यातच घेत्यात," एकदा मला म्हणाल्या, "मला कळतंय की."

उन्हाळ्यात मिस्त्री गेले. परवा मी म्हटलं, "वैनी, मिक्सर द्या, दुरुस्त करून आणतो."

"नको, भावजी. ऱ्हाऊ दे."

त्यांनी बटण दाबलं. मिक्सर फिरला नाही. भांड्यावर हात ठेवून, रिकाम्या खाटेकडं कान देऊन, त्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.