एका घराची दोन उत्तरं

नलिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी रावपुऱ्यात ऑफिससाठी फायली घेत होते. तिची सून हेतल बोलत होती. ‘मासी, मम्मी गेल्या,’ एवढंच. फायली दुकानातच ठेवल्या आणि रिक्षा केली. त्याला आता महिना होऊन गेला. तिच्याविषयी लिहायला बसताना ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’ हे शब्द मी आधीच बाजूला काढले आहेत. नलिनी भांडायची, आणि तिचं भांडण एकाच गोष्टीवरून असायचं.

बडोद्यातल्या एका संस्थेत आम्ही गरिबीच्या पाहणीचं काम करायचो. कोणती वस्ती कधी, जीप कोणती, बरोबर कोण, हे मी ठरवायचे. घरोघरी प्रश्न विचारायची ती. आमची पद्धत अशी, की घरातल्या कर्त्याला विचारायचं आणि पुढच्या घरी जायचं. नलिनी चहाचा रिकामा कप द्यायच्या निमित्ताने आत जायची आणि तेच प्रश्न बाईला पुन्हा विचारायची. सावली तालुक्यातल्या एका गावात ओट्यावर बसलेला माणूस म्हणाला, ‘बेन, घरात स्कूटर आहे, आजारपणाला दवाखाना आहे, दोन वेळचं पोटभर आहे. लिहा.’ आत त्याची बायको म्हणाली, ‘स्कूटरची चावी त्यांच्या खिशात. मी दवाखान्यात गेले ती बाळंतपणाला.’ आणि जेवणाचं विचारल्यावर हसली... ‘सगळ्यांचं झाल्यावर उरतं ना, बेन. रोज थोडं उरतंच.’

नलिनीने दोन्ही उत्तरं लिहिली. ऑफिसने ती विसंगती म्हणून परत पाठवली. एका घराची दोन उत्तरं कॉम्प्युटर घेत नव्हता.

‘नलिनीबेन, चूक दुरुस्त करा,’ साहेब म्हणाले.

‘चूक माझी नाही, साहेब. त्या घराची आहे.’

‘घर गरीब आहे की नाही, एवढंच आपल्याला हवंय.’

‘घराला भूक लागत नाही.’

साहेब हसले, टेबलाभोवतीचे सगळेच हसले. तिने दुरुस्ती केली नाही, म्हणून ती दुसऱ्याकडून करून घेतली. अहवाल छापून आला तेव्हा त्यात सावलीची ती बाई सुखवस्तू होती. बाजवा गावातल्याही अशा कितीतरी बायका. नलिनीने तो अहवाल चाळला आणि ती म्हणाली, ‘मंगल, छपाई छान आहे हो.’ त्यानंतर तिला बाहेरगावी पाठवणं बंद झालं.

पुढे तिला जिना चढताना धाप लागायला लागली. मी डॉक्टरांची वेळ घेऊन द्यायचे, ती पुढे ढकलायची. ‘ह्यांच्या गुडघ्यांचं होऊ दे आधी.’ गुडघ्यांचं झालं. चांगल्या हॉस्पिटलात, वेगळ्या खोलीत. मग व्यायामाला रोज नेणं-आणणं... तेही तिनेच केलं.

ती गेल्यावर इथल्या रीतीप्रमाणे सांत्वनाला येणाऱ्यांसाठी घरी बेसणं ठेवलं होतं. तिच्या फोटोशेजारी खुर्चीवर बसून तिचे यजमान येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, ‘तिला मी कधी काही कमी पडू दिलं नाही.’ लोक माना डोलावत होते. साहेबही आले होते, तेही डोलावत होते. मला तिथे बसवेना. मी स्वयंपाकघरात गेले. हेतल ओट्यापाशी उभी होती, ओठ सुकलेले.

‘जेवलीस का गं?’

‘सगळ्यांचं झालं, मासी,’ ती म्हणाली, आणि तिने पुढच्या चहाचं आधण ठेवलं.