दोनशे बाराव्या ओळीची कटकट

डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना सगळे पर्लबुवा म्हणत. बाकीच्यांनी कधीच सोडून दिलेल्या पर्ल नावाच्या संगणकभाषेत हे गृहस्थ अजून प्रोग्राम लिहायचे, आणि वर म्हणायचे, "जुनं ते सोनं!" दर सोमवारी त्यांचा प्रोग्राम डॉक्टरांच्या नोंदी वाचून ऑपरेशनची यादी काढायचा. ज्याच्या निकडीचा आकडा मोठा, त्याचं नाव वर.

एखाद्या नोंदीत डॉक्टर तो आकडा टाकायलाच विसरले, की स्क्रीनवर इशारे सुरू: प्रोग्रामच्या दोनशे बाराव्या ओळीत किंमतच नाही, किंमतच नाही. दवाखान्याचे मोठे साहेब वैतागले. "बंद करा हो ते रडगाणं!" मग पर्लबुवांनी काय करावं? आकडा नसेल तिथे शून्य धरा, असं लिहून टाकलं. दोन मिनिटांचं काम. स्क्रीन कशी लख्ख! अहो पर्लबुवा, पण कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे तुम्हीच नव्या पोरांना घसा फोडून शिकवायचात ना?

गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, आमच्या हिचा नंबर? आता फारच अंधुक दिसतं तिला."

"यादीत आहे ना. येईल."

होतीच ती यादीत. आठ महिने, तळाला.

शेवटी एका सोमवारी पर्लबुवांनी सहज तिची नोंद उघडली. निकडीचा रकाना कोरा. ते शून्य त्यांनी काढून टाकलं, तर सतरा इशारे आले. सतरा माणसं! खोल्याखोल्यांतून धावत त्यांनी डॉक्टरांकडून आकडे भरून घेतले. वॉचमनच्या बायकोचा नंबर पहिला आला.

डॉक्टरांनी तिला तपासून फाईल मिटली. "दोन्ही पडदे गेलेत. सहा महिने आधी आली असती, तर एक डोळा तरी वाचवला असता."

पर्लबुवा मोठ्या साहेबांकडे गेले. "चूक माझी आहे. त्यांना सांगायला हवं."

"कसली चूक? इशारा आला होता का? नाही ना? मग गप्प बसा."

संध्याकाळी गेटवर वॉचमनने बायकोचा दंड धरून तिला पुढे आणलं. "हेच ते साहेब. यांनीच तुझा नंबर वर आणला."

शेजारच्या खांबाकडे तोंड करून ती म्हणाली, "फार उपकार झाले हो साहेब."

सरकून तिच्यासमोर उभं राहायचा पर्लबुवांना धीरच झाला नाही.