बिनटोपीचा मामा

चहा घ्या, पण बिस्किट एवढ्यात तोंडात घालू नका. आधी हसताना ठसका लागेल आणि नंतर ते घशाखाली उतरणार नाही. मूर्खपणा माझ्या हातून पुष्कळ झालाय, पण या एका मूर्खपणात माणसाचा पाय गेला. माझा नव्हे हो! माझा गेला असता तर इतकं रंगवून सांगत बसलो असतो का?

नव्वदीतली गोष्ट. तेव्हा माझा मंडप-स्पीकरचा धंदा होता. राहायला शिनोलीत, आणि लग्नसराईत आज घोडेगाव, उद्या मंचर. एक जुना टेम्पो, मागे बांबू, कनाती आणि दोन कर्णे. केबिनमध्ये मी आणि माझा भागीदार नामदेव. टेम्पो जुना असला तरी कागद सगळे जागच्या जागी. पण कागदाला विचारतो कोण?

घोडेगावच्या अलीकडं एक वळण आहे. तिथं बाभळीच्या सावलीला मामा उभे असायचे. मामा म्हणजे पोलीस, हे तुम्हाला सांगायला नको.

"लायसन?"

"हाय."

"इन्शुरन्स?"

"हाय."

"हॉर्न वाजव." मी वाजवला. "केवढ्यांदा वाजवतो? माणसं दचकत्यात ना!"

पुढच्या खेपेला हळू वाजवला. तर म्हणे, "हॉर्न खराब हाय." तिसऱ्या खेपेला मी आपलं नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमीच सांगा, कसा वाजवू?"

"उलटं बोलतो? लाव बाजूला!"

झालं. चहापाणी दिलं नाही म्हणून टेम्पो दुपार टळेपर्यंत बाजूला. तिकडं नवरदेव रखरखत्या उन्हात उभा आणि डोक्यावर मंडप नाही! त्या लग्नात नवरीच्या बापानं मला ज्या शिव्या घातल्या, त्या मी अजून दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेल्या नाहीत.

मग आम्ही गाडीवाल्यांनी आमचा कायदा काढला. समोरच्यानं दोनदा दिवे मारले की पुढं मामा आहेत, असं समजायचं. हा कायदा मात्र कुणी मोडत नव्हता बरं का. बांधावरून डोकी फोडून कोर्टात गेलेले चुलतभाऊसुद्धा एकमेकांना दिवे मारायचे. बोलणं बंद, पण दिवे चालू! आणि वळणाच्या अलीकडून कॅनॉलच्या कडेनं एक कच्चा रस्ता जायचा, तो थेट वळणापलीकडं निघायचा. खूण मिळाली की गाडी कॅनॉलला घालायची. या कामात माझा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता.

आता माझे दाजी. थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. शिनोलीतच घर. साधा, कष्टाळू माणूस. मंडप बांधायला लागला की चार गड्यांचं काम एकटा करायचा. त्या दिवशी घोडेगावात मोठ्या लग्नाचा मंडप घालायचा होता. दाजी सकाळी सकाळी टेम्पोपाशी येऊन उभे राहिले.

"येऊ का रं केबिनात?"

"नको दाजी," मी म्हणालो. "तिघं बसलो की मामा धरत्यात. तुमी सायकल काढा आन् व्हा पुढं."

निमूट गेले बिचारे. आम्ही बांबू भरले आणि मागून निघालो.

वळण लांबून दिसायला लागलं आणि नामदेव सीटवर ताठ झाला. "आरं, मामा! आन् आज रस्त्याच्या मधोमध!"

बघतो तर खरंच. एकटा हवालदार भर रस्त्यात उभा. डोक्यावर टोपी नाही, शर्टाची बटणं तुटलेली, आणि दोन्ही हात वर करून आम्हाला बोलावतोय.

"दोन्ही हातांनी?" मी म्हणालो. "आज लईच भूक लागलेली दिसतीय."

"बाभळीखाली कोणतरी आडवं झालंय बघ," नामदेव म्हणाला.

"दुसरा मामा असंल. पाळीपाळीनं झोपत असतील. सरकारी नोकरी हाय, राव!"

दोघंही खदाखदा हसलो. हसा, तुम्हीही हसून घ्या.

मी तिथल्या तिथं टेम्पो वळवला. मागनं शिट्टी वाजली. आरशात बघतो तर मामा पळत येतोय! अहो, गाडीमागं पळणारा मामा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. ते नेहमी सावली धरून, पळायचं ते आम्ही. मी ॲक्सिलेटर दाबला. तो थोडा वेळ पळाला, मग गुडघ्यावर हात टेकून वाकला आणि मग दिसेनासा झाला.

एवढ्यावर थांबलो असतो तर माझ्याकडून एकाच टेम्पोचं पाप झालं असतं. पण मला समाजसेवेची खाज! कॅनॉलच्या तोंडाशी टेम्पो उभा केला आणि खाली उतरून मागून येणाऱ्या गाड्यांना हात करायला लागलो. दुधाची गाडी आली, तिला कॅनॉलला घातली. माणसांनी भरलेली जीप आली, तिलाही. एक ट्रकवाला म्हणाला, "आमचं समदं बरोबर हाय, आमी जातो सरळ."

"माझं बी समदं बरोबरच असतंय," मी म्हणालो. "जा, हॉर्न वाजवून दाखवा."

तोही गुमान कॅनॉलला लागला. हवालदार रस्त्यावर पळत होता आणि वाहतुकीला दिशा मी देत होतो.

कॅनॉलवरून पलीकडं डांबरीवर निघालो, तर घोडेगावकडून गाड्या यायला लागल्या. मी दिवे मारत सुटलो. दिसेल त्याला दोनदा! गाड्या पटापट माघारी वळायला लागल्या. त्यात स्कूटरवरून आमचे डॉक्टर येत होते, शिनोलीला पेशंट बघायला. त्यांना तर मी मुद्दाम थांबवून सांगितलं.

"बरं झालं बाबा," डॉक्टर म्हणाले. "लायसन घरीच राहिलंय माझं."

स्कूटर वळवून, हात जोडून गेले! शिनोलीकडच्या गाड्या कॅनॉलला आणि घोडेगावच्या माघारी. असा दोन्ही बाजूंनी मी तो रस्ता चिडीचूप करून टाकला.

लग्नघरी पोचलो. दाजी आलेले नव्हते. मला वाटलं, रस्त्यात कुणीतरी ओळखीचं भेटलं असेल. बांबू उतरवायच्या आधी मी कर्णे जोडले आणि माईकवरून सांगितलं, "हॅलो, हॅलो! शिनोलीच्या रस्त्याला मामा उभे आहेत. पाव्हण्यांना आणायला जाणाऱ्या गाड्यांनी कृपया कॅनॉलनं जावं!" अख्ख्या आळीनं टाळ्या वाजवल्या हो. यजमानांनी स्वतः मला चहा आणून दिला.

चौथा बांबू उभा करत होतो, तेव्हा नामदेवनं माझी बाही ओढली.

रस्त्यानं एक बैलगाडी येत होती. बैलगाडीला ना लायसन लागतं ना दिवे असतात. मामाला न भिणारं तेवढं एकच वाहन आमच्याकडं. बैलांपुढं तोच बिनटोपीचा हवालदार कासरा धरून चालत होता. अंगात नुसतं बनियन, शर्ट काढलेला. तो शर्ट गाडीत आडव्या पडलेल्या माणसाच्या पायाला बांधला होता, आणि त्याचा रंग आता खाकी राहिला नव्हता.

गाडीत माझे दाजी होते.

उसाच्या ट्रॉलीनं सायकलला धडक देऊन चाक पायावरून नेलं होतं. ट्रॉलीवाला पळाला. हवालदार ड्यूटीवर निघालेला, त्यानं बघितलं, ओढून सावलीत घेतलं आणि गाड्या थांबवायला रस्त्यात उभा राहिला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याइतकं चांगलं तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"गाडी काढा कुणीतरी!" हवालदार ओरडला.

मी टेम्पोतले उरलेले बांबू तसेच ठेवून कनातींवर दाजींना घेतलं. हवालदार मागं बसला, त्यांचं डोकं मांडीवर धरून. मी मंचरच्या दवाखान्याच्या दिशेनं गाडी अशी हाणली की नामदेव डोळे मिटून बसला. आणि ऐका, मंचरच्या अलीकडं समोरून एक ट्रक आला आणि त्यानं आम्हाला दोनदा दिवे मारले! पुढं मामा! माझे हात आपोआप स्टेअरिंग वळवायला लागले हो. मागं मामा बसलाय, त्याच्या मांडीवर दाजी आहेत, आणि माझे हात कच्चा रस्ता शोधतायत! नामदेवनं माझं मनगट धरलं, म्हणून सरळ राहिलो.

दाजी वाचले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला. "जरा आधी आणता आलं नाही का?" एवढंच तिथल्या डॉक्टरांनी विचारलं. मी बाहेर आलो. हवालदार बाकावर बसला होता, हातावरचं रक्त वाळलेलं.

"टोपी कुठं हाय तुमची?" मी विचारलं.

"टोपी बघून माणसं पळत्यात," तो म्हणाला. "म्हणून काढून ठिवली. म्हणलं, टोपी नसली तर कोणतरी थांबंल."

ज्याला मी भूक म्हणालो होतो, ती मदतीची हाक होती.

दुसऱ्या दिवशी तो दाजींना बघायला आला. दाजी शुद्धीवर होते. म्हणाले, "साहेब, एक गाडी आलती आन् उलटी फिरली. मागनं बांबू दिसलं मला. कोण व्हता वो त्यो हरामखोर?"

हवालदारानं माझ्याकडं बघितलं. टेम्पोत त्याच बांबूंना पाठ टेकून तो मंचरपर्यंत आला होता. त्याला सगळं कळलेलं होतं.

"बांबू न्हाई, ऊस व्हता," तो म्हणाला. "नंबर काय दिसला न्हाई."

मी त्याच्यामागं बाहेर धावलो. "साहेब, खरं का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय?" तो म्हणाला. "माझं ते खरं मानतील, का मेव्हण्याचं?"

आणि गेला. भाऊ, त्या वळणावर मला रडवणारा पोलीस काही हा नव्हता. पण खाकी बघून मी कधी तोंडाकडं बघितलंच नव्हतं ना! मला फार लाज वाटली. खरं सांगतो, आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. आरशात आपलं तोंड बघितलं तरी शिट्टी ऐकू यायची.

शेवटी दाजी घरी आल्यावर एका संध्याकाळी मनाचा हिय्या केला. अक्का चुलीपाशी होती, दाजी खाटेवर. मी त्यांच्या उरलेल्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं ओकलो. टेम्पो माझा, दिवे मी मारले, डॉक्टरला मी परत पाठवला, तुमच्या पायाचा खरा गुन्हेगार मीच. हवालदार देवमाणूस, त्यानं मला झाकलं.

मला वाटलं, आता अक्का जळतं लाकूड घेऊन उठणार. उठलीच ती. पण दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"लई मारलं का रं त्यांनी तुला?"

"कुणी?"

"पोलिसांनी! त्या ट्रॉलीवाल्यानं पाकीट पोचवलं असंल, म्हणून आता तुझ्या गळ्यात अडकवत्यात. आन् काय काय वदवून घेतलं तुझ्याकडनं? तू माझं लेकरू हायस. टेम्पोतनं मला न्हेलं कोणी? तूच ना?"

"दाजी, आईच्यान् खरं सांगतोय!"

"बघ, कसं पढवलंय," दाजी अक्काला म्हणाले.

अक्कानं मला धरून पालथा पाडला, सदरा वर केला आणि चिमणी जवळ धरून माझ्या पाठीवर वळ शोधायला लागली. एकही सापडला नाही. तिनं पदरानं डोळे पुसले. "वळ उठू नयेत असं मारत्यात मेले," म्हणाली, आणि उठून वाटीत हळद कालवली.

पाय गेला दाजींचा, आणि लेप लागला माझ्या पाठीला.