संध्याकाळची उंची

आमच्या भरती अकॅडमीत प्रवेशाला येणाऱ्या प्रत्येकाची उंची संध्याकाळी मोजली जाते. कुणी सकाळी आलं तर त्याला चहा देऊन बसवतो, मैदान दाखवतो, आणि ऊन उतरल्यावर भिंतीला उभा करतो. ही पद्धत मीच घातली. माणूस रात्रभर आडवा असतो म्हणून सकाळी थोडा लांब भरतो, आणि दिवसभराच्या उठबशीत पुन्हा अर्धं बोट खाली बसतो. फौजेत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. भरतीच्या मैदानावर आपला नंबर सकाळी सहाला लागेल की दुपारी तीनला, हे आपल्या हातात नसतं. तेव्हा जो संध्याकाळी भरला तो कधीही भरणार. जो भरत नाही त्याला मी तिथल्या तिथे सांगतो, की बाबा, तुझं इथे काही होणार नाही, वेळ घालवू नकोस, दुसरं काहीतरी बघ.

या एका गोष्टीवर माझं नाव झालं. साताऱ्यात अकॅडम्यांना तोटा नाही, आणि बहुतेकांकडे दोन पायांवर उभा राहील त्याला प्रवेश मिळतो. त्यात मुलांना परत पाठवणारा एक मास्तर आहे, याचं लोकांना नवल वाटायचं. सुरुवातीला माझी बायकोच म्हणायची, अकॅडमी काढलीय की नकार द्यायचं ऑफिस? पण ज्यांना मी परत पाठवलं त्यांच्याच घरच्यांनी पुढे चार मुलं पाठवली. जतपासून, आटपाडीपासून लोक यायला लागले. पत्र्याच्या दोन शेडच्या जागी दुमजली इमारत उभी राहिली, मुलींचं वेगळं हॉस्टेल झालं. गावोगावच्या सत्कारांत मला फेटा बांधून बसवायचे आणि मी माइक हातात घेऊन प्रामाणिकपणावर वीस-वीस मिनिटं बोलायचो. त्या भाषणांची आता आठवण झाली तरी स्वतःचाच राग येतो.

कारण ही पद्धत मी एकदा मोडली. एकदाच. पण ज्या मुलीसाठी मोडली तिच्यासाठी त्याचा हिशेब अजून संपता संपत नाही.

ती सहा वर्षांपूर्वी आली, औंधच्या बाजूच्या एका खेड्यातून, आईबरोबर. बारावी सायन्स नुकतीच झालेली. पोलीस व्हायचं होतं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, उंची संध्याकाळी बघू, तोवर एक चक्कर पळून दाखव. तिने सँडल काढून कडेला ठेवले, ओढणी कमरेला बांधली आणि अनवाणी आठशे मीटर पळाली. माझ्या हातात घड्याळ होतं. वर्षभर तयारी केलेल्या मुलींना जो वेळ लागतो त्याच वेळात ती आली, आणि आल्यावर धापा टाकत खाली बसली नाही, उभ्या उभ्या आईकडून पाण्याची बाटली घेतली. असं पळणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. खरं सांगतो, मला त्या क्षणी ती मुलगी दिसलीच नाही. मला चौकातला फ्लेक्स दिसला, त्यावर खाकीतला तिचा फोटो आणि खाली आमचं नाव.

संध्याकाळी तिला भिंतीला उभं केलं आणि डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या ठेवला. मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागतात. ती अर्ध्या बोटाने कमी होती. मी दुसऱ्यांदा ठेवला, केस दाबून ठेवला. तेवढीच. दुसरी कुणी असती तर मी तिथेच हात जोडले असते. तिला मी म्हणालो, "उजेड पुरेना. सकाळी बघू."

उजेड भरपूर होता. ती त्या दिवशी साताऱ्यात मावशीकडे राहिली आणि सकाळी साडेपाचला आली, उठून थेट. गुण्या ठेवला तर पूर्ण भरली, वर केसभर जास्तच. मी रजिस्टरमध्ये तो आकडा लिहिला. लिहिताना हात अडखळला वगैरे काही नाही. मी स्वतःला समजावलं होतं, की वाढीचं वय आहे, लोंबकळण्याचे व्यायाम करून घेऊ, आणि मैदानावर सकाळचा नंबर लागला तर प्रश्नच नाही.

आठवड्याभराने ती एक कागद घेऊन ऑफिसात आली. "सर, मिरजेला नर्सिंगला नंबर लागलाय. परवापर्यंत जाऊन नाव घालाय पायजे. आई म्हणती, सर म्हणतील तसं कर."

इथे मला थांबता आलं असतं. चार शब्द बोलायचे होते, की तुझी उंची काठावर आहे, जा मिरजेला. मिरजेत एवढे दवाखाने आहेत की तिथे शिकलेली मुलगी रिकामी राहत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी तो कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "तुझ्यासारखी पळणारी पोरगी इंजेक्शनं देत बसणार? तू वर्दीतच शोभशील." ती हसली. तिला तेच ऐकायचं होतं म्हणा, पण ते तिने माझ्याकडून ऐकायला नको होतं.

त्यानंतर भरतीची जाहिरात लांबली. आज निघेल, उद्या निघेल करत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत ती आमच्या मैदानाची शान झाली होती. गोळाफेकीतही पुढे आणि लेखीच्या सराव पेपरात मुलांच्याही वर. मी सत्कारात तिचं नाव घ्यायचो.

जाहिरात निघाली, आणि तिला मैदानी चाचणीसाठी दुसऱ्या जिल्ह्याची तारीख मिळाली. आमच्या सहा मुली जीपने पहाटे निघाल्या. काठावरच्या मुलांनी प्रवासात आडवं पडून जायचं, गाडीतून उतरेपर्यंत पाठ सरळ ठेवायची, ही भरतीवाल्यांची जुनी रीत. मागच्या लांब सीटवर तिला झोपवा असं मी ड्रायव्हरला बजावलं होतं. पण वाटेत एका मुलीच्या पोटात कळ आली, तेव्हा हिने उठून आपली जागा तिला दिली आणि बाकीचा रस्ता बसून काढला. मैदानावर नंबर लागायला दुपार झाली. मशीनखाली उभी राहिली तर सहा मिलिमीटर कमी. अपील केलं, पुन्हा मोजलं, तेवढेच. आमच्या भरतीत आधी उंची आणि मग पळणं असतं, त्यामुळे तिला पळूही दिलं नाही. बूट बांधून आली होती, तशीच बाहेर पडली.

परत आल्यावर तिने मला एकच प्रश्न विचारला. "सर, मी गाडीत उठून बसले म्हणून कमी भरले व्हय?"

मी म्हणालो, "असंल."

त्या एका शब्दाची मला आजही लाज वाटते. उंचीची गोष्ट निदान हावेपोटी केली होती. हा शब्द मी नुसता माझी मान सोडवण्यासाठी उच्चारला आणि सगळा दोष तिच्या पदरात टाकला. ती खरं मानून गेली.

नर्सिंग आता हातचं गेलं होतं. धाकटी बहीण बारावीत आली होती आणि घरच्यांनी आता तिच्या शिक्षणाचं बघायचं ठरवलं. मी हिला आमच्याकडे मुलींची प्रशिक्षक म्हणून घेतलं. प्रायश्चित्त म्हणून घेतलं असं म्हणायला बरं वाटतं, पण फायदा माझाच झाला. पोरींना जीव लावणारी, पहाटे सर्वांच्या आधी मैदानावर येणारी अशी बाई मला शोधून सापडली नसती. तिच्यामुळे मुलींचे निकाल वाढले, आणि निकाल वाढले तसे माझे सत्कार वाढले.

फक्त एक गोष्ट मला सहन व्हायची नाही. प्रत्येक नव्या बॅचला ती पहिल्या आठवड्यात गोल बसवायची आणि स्वतःची गोष्ट सांगायची. "माझी उंची बसत हुती. गाडीतनं आडवं जायचं सोडून मी उठून बसले आन् घालवली. तुमी तसलं शानपण करू नगा." पोरी गंभीर होऊन ऐकायच्या. मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकायचो आणि काहीतरी काम काढून आत जायचो. चार वर्षं हे चाललं.

गेल्या पावसाळ्यानंतर पलूसहून एक जोडपं मुलीला घेऊन आलं. संध्याकाळी तिची उंची आमच्या या प्रशिक्षक मुलीनेच घेतली. थोडी कमी भरली. बाप काकुळतीला आला. ती ऑफिसात आली आणि दार लोटून हळू आवाजात म्हणाली, "सर, सकाळी एकदा मोजून बघू का? माझी बी सकाळी भरली हुती न्हवं. हिला फकस्त आडवं जायचं पक्कं सांगते."

मी स्वतः बाहेर जाऊन त्या जोडप्याला नकार दिला. मुलगी रडली, बाप रागावला, गेले. मग मी आमच्या प्रशिक्षक मुलीला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तूही कमी होतीस. उजेड पुरत होता. तू गाडीत झोपून गेली असतीस तरी दुपारपर्यंत कमीच भरली असतीस. तू काही घालवलं नाहीस. हे सगळं मी दोन-तीन मिनिटांत सांगितलं, आणि एवढी वर्षं एवढंच जमत नव्हतं याचं मलाच आश्चर्य वाटलं.

तिने विचारलं, "मिरजेचं इचाराय आले तवा ठाऊक हुतं तुमाला?"

"हो."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती उठली आणि म्हणाली, "मग हे माझ्या आईला जाऊन सांगा. मला नगं."

मी विचारलं, आईला का? तेव्हा कळलं, की दर रविवारी ती हॉस्टेलवरून घरी गेली की हाच विषय निघतो. कुणाला जागा द्यायची काय गरज होती, गावाचं भलं करायला निघाली आणि स्वतःचं वाटोळं केलं, असं आई येता-जाता ऐकवते. दोनदा लग्न ठरता ठरता मोडलं, तेव्हाही हेच. मैदानावर पोरींपुढे हसतमुख असणारी ही मुलगी घरी मान खाली घालून जेवते, हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

रविवारी सकाळी ती बॅच घेत होती तेव्हा मी तिच्या गावी गेलो. वडील मळ्यात पाणी धरायला गेले होते. आई अंगणात पोत्यावर बसून घेवडा निवडत होती. मला बघून लगबगीने उठली, खुर्ची आणली, चहा टाकला. सर घरी आले याचा तिला आनंद झालेला दिसत होता. मी चहा घेतला नाही. आधी ऐकून घ्या म्हणालो आणि सगळं सांगितलं, मिरजेच्या कागदासकट.

ती ऐकत असताना तिचा हात सुपात तसाच राहिला. मग म्हणाली, "आवं, पण चार वर्सं मी तिला एक घास सुखानं खाऊ दिला न्हाई."

मी म्हणालो, "चूक माझी आहे, ताई. तुमची नाही."

"तुमची हाय ते कळलं की," ती म्हणाली. "पर बोलले तर मीच न्हवं?"

मी हात जोडले. माफी मागितली, मागायची होती तशी पूर्ण. तिने माफ केलं असंही म्हटलं नाही आणि नाही असंही म्हटलं नाही. मी जायला उठलो तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर विचारत होती.

"दुपारच्या येष्टीनं ती येईल. आल्यावर मी तिला काय म्हणू, तेवढं सांगून जावा. त्या टायमाला बी तुमालाच इचारलं हुतं."