कव्हराखालचा चॅम्पियन

दादाला एकदा तरी हरवायचं, ही एकच इच्छा घेऊन मी दर भाऊबीजेला नाशिकरोडहून सातपूरला माहेरी जाते. बाकीच्या बायका साडीसाठी जातात, मी मारामारीसाठी. पूर्वी गेम पार्लरमध्ये नाणं टाकून खेळायचे, तो दोन पैलवानांच्या मारामारीचा गेम दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर आहे. ओवाळून झालं, करंज्या खाल्ल्या, की आम्ही एकाच कीबोर्डवर कोपराला कोपर लावून बसतो आणि दादा मला धुऊन काढतो. वर "तुला नाही जमायचं गं" म्हणत स्वतःच्या पोटावरून हात फिरवतो.

हा कॉम्प्युटर म्हणजे दादाच्या डिप्लोमाच्या वेळचा डबा. डिप्लोमा संपला, डबा काही संपत नाही. दादा आता कंपनीत सुपरवायझर आहे, कपाळ टाळूपर्यंत पोचलंय, मुलगी लॅपटॉपवर अभ्यास करते. पण डब्याला कुणी हात लावायचा नाही. काय तर म्हणे, या गेमची खरी मजा जुन्या मशीनवरच. त्यासाठी त्याने एम्युलेटर टाकलाय, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरला पार्लरच्या मशीनचं सोंग घ्यायला लावणारा प्रोग्राम. ते सोंग वठवण्यात साहेबांचा अख्खा उन्हाळा गेला. कुठली आवृत्ती चालते, कुठली अडते, आवाज का तुटतो, हे सगळं तो जेवायला आलेल्या पाहुण्यांना ऐकवायचा. पाहुणे बिचारे भात कालवत माना हलवायचे. मोरीतला नळ त्याच उन्हाळ्यात गळायला लागला, तो अजून गळतोय.

या फुशारक्या जुन्या आहेत. आमच्या शाळेच्या वाटेवर बसस्टॉपच्या मागे एक गेम पार्लर होतं. शाळा सुटली की दादा आत जायचा आणि मी बाहेर, सायकलवाल्याच्या पायरीवर, दोघांची दप्तरं मांडीवर घेऊन. "आत पोरी येत नाहीत," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. आतून बटणं बडवल्याचा आणि पोरांच्या आरड्याओरड्याचा आवाज यायचा. मग दादा घामाघूम होऊन बाहेर यायचा, कॉलर ताठ, आणि आज पुन्हा सगळ्यांना कसं लोळवलं ते घर येईपर्यंत सांगायचा. सातपुरात त्याला तोड नव्हती, असं त्याचं म्हणणं. मी गाढव, ते वर्गात मिरवायचे. पण त्या पायरीवर बसून माझा जीव नुसता तडफडायचा. मला एकदा आत सोडा, मग बघतेच याला, असं मी रोज मनात म्हणायचे.

आता आईचं सांगते. तिला घरात कुठलीही वस्तू उघडी बघवत नाही. मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडलला कव्हर, रिमोटला प्लॅस्टिक. डब्याला तर तिने क्रोशाचं झालरीवालं कव्हर विणलं आणि आतून जाड अस्तर लावलं. पुढे बटणापुरती खिडकी, मागून सगळं बंद. डबा आत इतका तापायचा की थंडीत आई विरजणाचं भांडं त्याच कव्हरात सरकवून ठेवायची. दादा दुपारभर खेळला की संध्याकाळी दही घट्ट लागलेलं असायचं. त्याच्या खेळाचा घराला झालेला उपयोग एवढाच.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आईने ते कव्हर धुतलं. अस्तर जाड, हवा गार, त्यामुळे भाऊबीज आली तरी ते दोरीवर लोंबतच होतं. डब्याची मागची जाळीही तिने जुन्या टूथब्रशने घासली होती, त्यातून धुळीचा बोळाच्या बोळा निघाला म्हणे. इतक्या वर्षांत डबा पहिल्यांदा उघडा बसला होता.

ओवाळून झाल्यावर आम्ही खेळायला बसलो. एरवी रडतखडत चालणारं गेमचं संगीत एकदम तुरुतुरु पळायला लागलं. एरवी पैलवानाने उडी मारली की तो खाली येईपर्यंत चहाचा एक घोट व्हायचा. आता उडी कधी मारली आणि लाथ कधी बसली तेच कळेना. दादाची बोटं जुन्या सवयीने सावकाश पडत होती. तो अडवायला जाईपर्यंत मार बसून गेलेला असायचा. मला तरी काय डोंबलाचं येतंय, मी दिसेल ते बटण बडवत होते. तरी दादा आडवा. पुन्हा खेळलो, पुन्हा आडवा.

"मशीन बिघडलंय," दादा म्हणाला. "आईने ब्रश घातला ना त्यात."

मी डब्यावर हात ठेवला. गार. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कव्हरात कोंडून डबा तापायचा, आणि तापला की जळू नये म्हणून आपोआप हळू चालायचा. त्या पेंगणाऱ्या गेमवर रोज हात बसवून हा आमचा चॅम्पियन झाला होता. मशीन बिघडलं नव्हतं, ते आज कुठे धड चालत होतं. हे सगळं मी त्याला चवीचवीने ऐकवलं. इतक्या वर्षांचं उट्टं होतं, घाई कशाला करू?

ऐकवता ऐकवता मात्र मी अडखळले. गेमचा खरा वेग मला माहीत नसणार हे ठीक, मी कधी आत गेलेच नव्हते. पण हा तर रोज जायचा.

"दादा, पार्लरमध्ये हा एवढाच फास्ट चालायचा ना?"

"हो," तो कीबोर्डकडे बघत म्हणाला.

"म्हणजे घरचा हळू चालतो हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "पार्लरमध्ये मी कधी जिंकलोच नाही गं. एकदाही नाही. नाणं टाकलं की लगेच हरायचो. मग दुसऱ्यांचं बघत उभा राहायचो."

"आणि आत पोरी येत नाहीत, ते?"

"यायच्या की. मालकाची मुलगीच गल्ल्यावर बसायची. तू आत आली असतीस तर तुला दिसलं असतं ना, मी हरताना."

मला हसायला यायला हवं होतं. पण आला तो राग, कानशिलं तापवणारा. इतकी वर्षं मी समजत होते की मुलगी म्हणून मला बाहेर बसवलं. बरं, त्याचा राग तरी जगावर काढता यायचा. इथे तर मी उन्हात दप्तरं धरून बसले होते, ती या एका माणसाची शान राखायला.

तेवढ्यात आई दोरीवरून कव्हर घेऊन आली. "थोडं ओलं आहे, पण घाला बाई, धूळ बसते," ती म्हणाली. दादाने मुकाट्याने हात पुढे केला. मी ते मधल्यामध्ये घेतलं, तिच्या खांद्यावर परत टाकलं आणि म्हटलं, "नीट वाळू दे."

मग मी माझी पर्स आणि फराळाची पिशवी उचलून दादाच्या हातात दिली.

"बाहेर जाऊन बस," मी म्हटलं. "आता मी खेळणार."

तो दोन्ही घेऊन उठला आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसला.