पिक्चरवाल्यांनी बदललेला शेवट

कानडी मुलखातल्या आमच्या बसवनगुडीच्या घरात एक रीत होती. इंग्रजी पिक्चरला जायचं ठरलं की घरातल्या इंग्रजी येणाऱ्या माणसानं आधी सगळी गोष्ट, शेवटासकट, मराठीत सांगायची. मग कँटोन्मेंटात जाऊन बाकीच्यांनी निवांत बघायचं. शेवट आधीच कळला म्हणून कुणी कुरकुरत नसे. न सांगता नेलं तर मात्र तिकीट वाया गेलं म्हणत.

त्या वेळी इंग्रजी येणारी मी होते. कॉलेजात शिकत होते आणि कामगार संघटनेला पत्रकं लिहून देत होते. पिक्चर बॉक्सिंगचा होता, कादंबरीवरून काढलेला, आणि कादंबरी मी वाचली होती. तिच्यातला बॉक्सर दुखावलेले डोळे लपवून शेवटचा सामना खेळतो आणि आंधळा होतो. माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, हे ऐकलं आणि म्हणाली, ह्यांना हाच दाखवायचा.

कारण तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी, स्वतः बॉक्सर. यशवंतपूरच्या एका कारखान्यानं त्यांना नोकरी दिली ती ठोशांसाठी. मशीनपाशी नावाला उभं राहायचं, दुपारी सराव करायचा, सामन्यांत कारखान्याला कप आणून द्यायचा. मागच्या वेळी डाव्या डोळ्यावर मार बसला. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, आणखी एक ठोसा बसला तर हा डोळा गेला. साहेबाला हे ठाऊक होतं. तरी म्हणाला, एवढा कप आण, मग बघू. डोळा भावजींचा, कप साहेबाच्या कपाटात!

जेवताना मी गोष्ट सांगितली. भावजी भात कालवत राहिले. "मेहुणीबाई, गोष्ट सांगताय की पत्रक वाचताय?" एवढंच म्हणाले.

दुपारच्या खेळाला आम्ही तिघं गेलो. शेवटच्या सामन्यात तो बॉक्सर पडला. अक्कानं पदर तोंडाशी धरला. आणि तो उठला. उठला, जिंकला, बायकोच्या गळ्यात पडला, दोन्ही डोळे शाबूत. थिएटरात शिट्ट्या. भावजींच्या मुठी गुडघ्यांवर घट्ट वळलेल्या होत्या. माझं डोकं फिरलं. एका माणसानं खरं लिहिलं होतं, आणि तिकिटं खपावीत म्हणून दुसऱ्यांनी ते पुसून टाकलं होतं.

परतताना बसमध्ये भावजी खुशीत होते. तुझी गोष्ट चुकली बघ, म्हणाले. मी म्हटलं, गोष्ट बरोबर आहे, पिक्चर खोटा आहे. "सरी, सरी," असं कानडीत बरं-बरं म्हणून ते हसले आणि यंदाच्या सामन्याचं बोलू लागले. अक्का खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर तिनं ठेवणीतली साडीसुद्धा बदलली नाही. कादंबरी माझ्यापुढे ठेवली. "शेवटचं प्रकरण वाच. पदरचं काही घालू नकोस. छापलंय तेवढंच."

मी एकेक वाक्य मराठीत करत गेले. एका ठिकाणी लिहिलं होतं की डावीकडून येणारा हात त्याला दिसतच नाही. आधी ठोसा लागतो, मग कळतं की कुणीतरी मारलं. भावजींनी हात वर केला.

"हे परत वाच."

मी परत वाचलं. ते म्हणाले, "हा लिहिणारा मार खाल्लेला दिसतो. पिक्चरवाला नाही."

मागच्या सामन्यापासून त्यांना तसंच होत होतं. अक्कालाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबापुढे जाऊन त्यांनी खेळायला नकार दिला. त्याच आठवड्यात त्यांना ओतकामाच्या भट्टीवर पाठवलं. मी संतापून पत्रक लिहिलं आणि संध्याकाळी त्यांना वाचून दाखवलं. त्यात भावजी ताठ मानेनं साहेबाला खडसावतात, असं होतं.

"असं काही झालं नाही गं," ते म्हणाले. "मी खाली बघून बोललो. नोकरी गेली तर, हेच डोक्यात होतं." मग पत्रक माझ्या हातात परत देत म्हणाले, "तूही शेवट बदलतेस की."

ते पत्रक मी छापायला दिलं नाही. पुढे कधी लिहिलंस तर नाव नको, घडलं तेवढंच लिही, असं ते म्हणाले होते. म्हणून इथे नावं नाहीत, आणि खडसावणंही नाही.

भट्टीच्या धगीनं भावजींचे डोळे संध्याकाळी लाल असतात. त्या बाजूचं दिसतंय ना हे बघायला अक्का त्यांचं ताट मुद्दाम डावीकडून आणते. ते मान न वळवता हात पुढे करतात आणि ताट धरतात.