मागच्या सीटवरची कादंबरी

माझी मावशी गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ मंडळी तोंडावर तिला मॅडम म्हणत आणि पाठीमागे क्लचमावशी. कारण धडा कुणाचाही असो, गाडीच्या बंद काचांमधून बाहेर एकच शब्द ऐकू यायचा. "क्लच! अहो, क्लच!" हे नाव तिला ठाऊक होतं. तिला ते आवडायचंही, फक्त तसं ती दाखवत नसे.

तिला कादंबरी लिहायची होती. तीही साधीसुधी नाही, खुनाची. एका बेकरीत पहाटे खून होतो आणि पीठ मळणाऱ्यापासून पाव पोचवणाऱ्यापर्यंत सगळ्यांवर संशय येतो, इतकं तिच्या डोक्यात लग्नाआधीपासून तयार होतं. खुनी कोण हेही ठरलेलं होतं. फक्त लिहायचं तेवढं राहिलं होतं.

मुलगी शिकायला परगावी गेली तेव्हा मावशीने मनावर घेतलं. रिकाम्या झालेल्या खोलीत टेबल टाकलं, दिवा आणला, भारीतलं पेन घेतलं आणि जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, "उद्यापासून संध्याकाळी मी लिहिणार. मला हाक मारायची नाही."

"लिही की, मी कुठे नको म्हणतोय?" काका म्हणाले. काका म्हणजे तिचे यजमान. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत नव्याने रुजू झालेले.

पहिल्या संध्याकाळी दार लोटून ती बसली. थोड्या वेळाने दारावर टकटक. "अगं, हाक नाही मारत, फक्त विचारतोय. साखरेचा डबा कुठाय?" मग शेजारीण आली, मग मुलीचा फोन आला. पण खरी अडचण त्यांची नव्हतीच. कुणीही आलं नाही तरी मावशी पहिलं पान लिहायची, वाचायची, फाडायची. महिनाभरात बेकरीचं दारसुद्धा उघडलं नाही. हळूहळू त्या टेबलावर इस्त्रीचे कपडे आले आणि दिवा काकांच्या खुर्चीशेजारी गेला.

"जाऊ दे, आपल्याच्याने नाही व्हायचं," ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण आवाज नेहमीपेक्षा खाली उतरलेला होता. मावशीचा आवाज उतरणं म्हणजे गाडीचा हॉर्न बिघडण्यासारखं होतं, लगेच लक्षात यायचं.

मग एके दिवशी दुपारच्या धड्याचा शिकाऊ आलाच नाही. गाडी मैदानाच्या कडेला उभी होती. घरी जाऊन परत यायला वेळ पुरणार नव्हता. जरा पाय पसरून बसावं म्हणून मावशी मागच्या सीटवर गेली. तिथे ती कधीच बसत नसे. बसल्या बसल्या एका जाहिरातीच्या कागदाच्या पाठीवर तिने चार ओळी खरडल्या. बेकरीवाला कुलूप उघडतो, आत दिवा आधीच लागलेला असतो. एवढंच. पण यावेळी कागद फाडावासा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशीही तो शिकाऊ फिरकला नाही. त्याच हौसेने ती मागे बसली, तर काही सुचेना. आधी मोबाइल पाहिला, मग डुलकी काढली. तेव्हा तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली, "मी किती वेडी गं! नव्या शिकाऊला पहिल्याच दिवशी घाटात नेते का मी? आधी सीट पुढे-मागे करायला लावते, आरसा बघायला लावते, पट्टा लावायला लावते. रोज तेच, त्याच क्रमाने. मग हातपाय आपोआप कामाला लागतात. लिहायला बसताना मात्र एकदम चौथा गिअर!"

तिने दुपारचा तो धडा कायमचा बंद केला आणि स्वतःचा क्रम बसवला. गाडी मैदानाच्या टोकाला, तोंड भिंतीकडे करून लावायची. रस्ता दिसला की तिचा पाय उगाच ब्रेक शोधायचा. टपावरचा 'शिकाऊ' फलक उतरवून पुढच्या सीटवर ठेवायचा. बूट काढायचे. मागे बसायचं. काल लिहिलेलं शेवटचं वाक्य मोठ्याने वाचायचं. मग एक पेपरमिंटची गोळी तोंडात टाकायची आणि ती विरघळेपर्यंत लिहायचं.

"आणि विरघळली की?" मी विचारलं.

"की सुटका! पुढे लिहिलं तर माझी मर्जी, नाही लिहिलं तर कुणाची बोलणी नाहीत. फक्त गोळी चावायची नाही. ती लबाडी झाली."

"एवढ्याशा वेळात काय होणार, मावशी?"

"फाडायला तरी वेळ उरत नाही ना!"

हे मात्र खरं होतं. कधी दोन ओळी व्हायच्या, कधी पानभर. एकदा काहीच सुचेना, तर तिने तेच लिहून टाकलं: 'बेकरीवाला ओट्यावर बसून आहे, त्यालाही कंटाळा आलाय.' गोळी संपता संपता त्या कंटाळलेल्या बेकरीवाल्याला पिठाच्या पोत्यामागे एका बाईचा चष्मा दिसला. तो चष्मा कुणाचा, हे मावशीलाही ठाऊक नव्हतं. ती इतकी खूश झाली की पुढच्या धड्याला एकदाही ओरडली नाही. शिकाऊ मुलगी घाबरून गेली. तिला वाटलं, आपण इतकं वाईट चालवतोय की मॅडमनी आशाच सोडली.

कादंबरी अर्ध्यावर आली आणि दातांचे डॉक्टर शिकायला आले. त्यांनी जन्मभर लोकांना खुर्चीत घाबरवलं होतं, आता त्यांची पाळी होती. मावशी "ब्रेक" म्हणाली आणि त्यांनी सगळ्या ताकदीनिशी अॅक्सिलरेटर दाबला. मावशीने आपल्या बाजूचा ब्रेक मारेपर्यंत गाडी वाळूच्या ढिगात घुसली होती. डॉक्टरांना खरचटलंसुद्धा नाही. मावशीने स्टिअरिंग धरायला हात पुढे टाकला होता, तिचं उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर चढलं. शिकवायला फक्त तोंड लागतं, त्यामुळे धडे लवकरच सुरू झाले. लिहिण्याचं काय? काकांना वाटलं, आता हे खूळ आपोआप सुटेल. पण दुपारी मावशीने नेहमीच्या जागी गाडी लावून घेतली, डाव्या हाताने फलक उतरवला, काकांकडून बुटाच्या नाड्या सोडवून घेतल्या आणि मागे जाऊन नुसतीच बसली. तोंडात गोळी. काका तिच्यासाठी डबा घेऊन आले होते, ते खिडकीतून बघत राहिले.

"हात चालत नाही, मग बसून काय करणार?"

"बसणार. बसायचं मोडलं की सगळंच मोडतं."

काका थोडा वेळ घुटमळले. मग दार उघडून तिच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "सांग. मी उतरवतो. पण शुद्धलेखनाला हसायचं नाही."

तेव्हापासून रोज दुपारी दोघं मागच्या सीटवर. दोघांच्याही तोंडात गोळ्या. मावशी सांगायची, काका लिहायचे, आणि मध्येच पेन थांबायचं.

"हा पाववाला मरायला नको."

"अहो, तुम्ही फक्त लिहा."

"नाही, पण भला माणूस आहे गं. त्याला निदान आजच्या दिवस तरी ठेव."

त्यांच्या हट्टापायी पाववाला आणखी तीन प्रकरणं जगला आणि पुस्तकातला सगळ्यात मजेशीर माणूस ठरला. प्लास्टर निघालं तरी काका यायचे थांबले नाहीत. "तुला काय ठाऊक, मी नसताना त्याला मारून टाकशील," असं कारण त्यांनी दिलं. टीव्हीसमोरची खुर्ची दुपारी रिकामी पडू लागली.

कादंबरी पुरी व्हायला दोन उन्हाळे गेले. दोन प्रकाशकांनी ती परत पाठवली. मावशी दोनदा चिडली, एकदा रडली, पण दुपारची गोळी चुकली नाही. मग तिने मुलीकडून ती टाइप करून घेतली, बाइंडिंग केलं आणि गल्लीतल्या वाचनालयात एक प्रत देऊन टाकली. तिथली बाई म्हणाली, "बघू कुणी नेलं तर." लोकांनी नेलं. पुढे तर नंबर लावावे लागले. दातांचे डॉक्टर वाचून आले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, मी यात कुठे नाही ना?"

परवा वाचनालयातून ती प्रत जरा शिवायला म्हणून घरी आली. कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाचा गोल डाग. मावशी एकेक पान उलटत होती. मध्येच थांबून ती जोरात हसली आणि तिने काकांना हाक मारली. समासात कुणीतरी पेन्सिलने ठासून लिहिलं होतं: 'हाच खुनी! मी ओळखला!' आणि बाण काढला होता तो थेट पाववाल्याकडे.

"खोडून टाक," काका उखडले. "काय माणसं असतात! त्या बिचाऱ्यावर आळ!"

"मुळीच नाही," मावशी म्हणाली. डोळे पुसत तिने प्रत छातीशी धरली. "अहो, फसला की हो वाचणारा! पुरता फसला!"